वरच्या डाव्या कोपऱ्यातला डाग

नवी लेन्स आणली की मापारी सगळ्यात आधी समोरच्या इमारतीच्या भिंतीचा फोटो काढत. माणूस हसतो, हलतो, ऐन वेळी डोळे मिटतो. विटांची भिंत असले चाळे करत नाही. वीट न वीट रेखीव आली की लेन्स पास. जन्मभर वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी लोकांचे तराजू तपासले होते. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, म्हणून फोटोग्राफीचा छंद. छंद फोटोग्राफीचा हे आपलं सांगायला, खरा छंद तपासणीचाच. फोटोग्राफीची पुस्तकंसुद्धा ते तांबडी पेन्सिल घेऊन वाचत आणि शेवटच्या पानावर दहापैकी गुण देत. सातच्या वर एकही पुस्तक गेलं नव्हतं.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दूरदेशी, तिच्याशी बोलायचं तर दोन्हीकडची घड्याळं बघून. आठवड्यात त्यांच्याशी धड बोलणारा माणूस एकच, जुन्या कॅमेऱ्यांचा दुकानदार. म्हणून दर शनिवारी ते काहीतरी घ्यायला, बदलायला, नाहीतर नुसती नावं ठेवायला दुकानात जात. तेवढा एक तास गेला की पुढच्या शनिवारपर्यंत दिवस ढकलायचे.

तर ह्या खेपेच्या लेन्समध्ये खोट निघाली. भिंतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाळीची एक खिडकी होती, वर्षभर बंद असलेल्या घराची. तिच्या काळ्या चौकोनात एक फिकट, धुरकट डाग दिसत होता. पुस्तक क्रमांक चारमध्ये (गुण साडेपाच) लिहिलं होतं की लेन्सच्या आत बुरशी धरली की असंच होतं.

"बुरशी आहे," शनिवारी मापारींनी लेन्स काउंटरवर ठेवली.

दुकानदाराने ती दिव्यासमोर धरून उलटसुलट पाहिली. "काका, लख्ख आहे हो."

"तुमचा डोळा अजून तयार नाही."

दुकानदाराने लेन्स बदलून दिली. दुसऱ्या लेन्समध्येही डाग. तिसऱ्या लेन्समध्येही, अगदी त्याच जागी. पुस्तक क्रमांक सहा म्हणालं, लेन्स बदलूनही डाग राहिला तर खोट कॅमेऱ्यात. मग कॅमेरा साफ करून घेतला, एकदा नाही, दोनदा. डाग गेला तर नाहीच, उलट हिंडायला लागला. मापारींनी रोज सकाळी नऊला फोटो काढून वहीत नोंद केली : 'सोमवारी चौकोनाच्या मध्यभागी, गुरुवारी उजवीकडे. बुरशी जिवंत असावी. रविवारी पूर्ण नाहीशी. कारण, हवेतला दमटपणा?' सहा दिवसांचे नासलेले फोटो ते पुसून टाकत आणि रविवारचा तेवढा स्वच्छ फोटो जपून ठेवत.

चौथी लेन्स परत आली तेव्हा दुकानदाराने खरोखरच हात जोडले. "काका, आजवर गिऱ्हाईक म्हणून नाही, घरचे म्हणून चालवून घेतलं. आता बास. पुन्हा येऊ नका."

मापारी ती लेन्स घेऊन तसेच घरी आले. पुढच्या शनिवारी सवयीने बूट घातले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बूट काढले. दिवसभर कोणाशी एक शब्द बोलणं झालं नाही. संध्याकाळी न राहवून त्यांनी दुकानात फोन लावला.

"तुम्ही स्वतः येऊन बघा. खोट माझी निघाली तर तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. तुमची निघाली तर माझा शनिवार मला परत द्या."

एकदाची पीडा जाऊ दे, म्हणून दुकानदार सोमवारी दुकान उघडायच्या आधीच हजर झाला. बरोबर नऊ वाजता मापारींनी भिंतीचा फोटो काढला आणि विजयी मुद्रेने बोट दाखवलं. दुकानदाराने तो कोपरा मोठा केला. आणखी मोठा केला.

"काका, हा कधी असा मोठा करून बघितलात?"

"मी विटा मोठ्या करून बघतो. खिडकीत विटा नाहीत."

"तुमची बुरशी केस विंचरतेय."

मापारींनी मान वर केली. तीन महिने ते भिंत फक्त फोटोत बघत होते, डोळ्यांनी आज पहिल्यांदा बघितली. जाळीमागे एक साठीच्या आसपासच्या बाई बसल्या होत्या, शेजारी चहाचा कप. दोन पुरुष आ वासून बघताहेत म्हटल्यावर त्यांनी हात हलवला.

"पायरीचं काय ठरलं होतं?" दुकानदाराने जाता जाता विचारलं.

"ठरलं ते ठरलं," मापारी म्हणाले. शब्दाला ते पक्के होते, तेच त्यांच्या मुळावर आलं.

संध्याकाळी दारावर थाप पडली. "मी खिडकीतली," बाई म्हणाल्या. तीन महिन्यांपूर्वी त्या समोरच्या त्या बंद घरात राहायला आल्या होत्या, एकट्याच. एका दवाखान्यात कागदपत्रं सांभाळत, सोमवार ते शनिवार. "पहिल्या दिवशी तुम्ही कॅमेरा रोखलात तेव्हा अशी चिडले होते. तक्रारच करणार होते. मग म्हटलं, जाऊ दे. इथे आपल्याकडे बघायला आहे कोण? दुसऱ्या दिवसापासून जरा नीटनेटकी बसायला लागले." त्या थोड्या लाजल्या. "दाखवा ना. एखादा तरी बरा आला असेल."

मापारींनी होते ते बारा फोटो समोर ठेवले. बाईंनी एकेक सावकाश बघितला, पुन्हा पहिल्यापासून बघितला.

"ह्यात मी कुठे आहे?"

"हे रविवारचे. बाकीचे पुसले मी." इथे थांबता आलं असतं, पण जन्मात कधी खोटं माप चालवून घेतलं नव्हतं ना. "मला तो डाग वाटला."

बाई हसल्या, पण उगीच हसायचं म्हणून. "रविवारी मी उशिरा उठते. वाटलं, रविवारी तुम्हालाही सुटी असेल." त्या उठल्या आणि पाणीसुद्धा न घेता गेल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीला जाड पडदा होता. बुधवारीही होता, शुक्रवारीही. मापारी रोज नऊला फोटो काढत राहिले. वीट न वीट रेखीव, चारही कोपरे धुतल्यासारखे. असा फोटो काढायची त्यांची कितीतरी दिवसांची हौस होती. तो बघताना त्यांना रडू आलं.

शनिवारी त्यांनी बूट घातले आणि दिलेला शब्द मोडून ते दुकानाची पायरी चढले. दुकानदाराने वर बघितलं. मापारींनी लेन्स काउंटरवर ठेवली.

"परत घ्या."

दुकानदाराने सुस्कारा सोडला आणि तक्रारीची वही उघडली. "आता काय खोट लिहू?"

"डाग येत नाही," मापारी म्हणाले.

दुकानदाराने पेन खाली ठेवलं आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.