कापशीची हळद

शिवांजली तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला शिरवळच्या औषधांच्या कारखान्यात गेली आणि इकडे सांगलीत धनाजीला स्वयंपाकाची गोडी लागली. आधी नाइलाजाने, मग हौसेने. सहा दिवस कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कातायचं आणि रविवारी मंडईतून पिशवी भरून आणायची. जानेवारीचे दिवस होते. पावट्याच्या शेंगा, ओला हरभरा, पातीचा लसूण, काटेरी देठाची वांगी, काय घेऊ आणि काय नको असं त्याला होऊन जाई. घरी आला की तो फरशीवर फतकल मारून शेंगा सोलायला बसे आणि समोर कापशी येऊन बसे.

कापशी म्हणजे त्यांची मांजर. पांढरीशुभ्र, अंगावर एक ठिपका नाही. चार वर्षांपूर्वी शिवांजलीला ती गटाराच्या कडेला सापडली होती, डोळेही न उघडलेली. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून तिने तिला जगवली. घरात मूल नव्हतं, आणि त्याबद्दल आता दोघं फारसं बोलत नसत. शिरवळला निघताना शिवांजलीने नवऱ्याला एवढंच बजावलं होतं, "तुमची तुमी काळजी घ्याल. हिची घ्या."

धनाजी घेत होता. कापशी पावट्याची टरफलं पंजाने उडवत घरभर नेई, तो मागून गोळा करी. भाजी झाली की तो तिला वास देई. तिने तोंड फिरवलं नाही तर भाजी जमली असं समजे.

त्या शनिवारी वर्कशॉपमधल्या जयराजने शेतातली तीन किलो ओली हळद आणून दिली. शिवांजलीला ओल्या हळदीचं लोणचं फार आवडायचं. तिच्या ट्रेनिंगचे दोन आठवडे उरले होते, शेवटी परीक्षा होती, पास झाली की सुपरवायझर होणार होती. ती परत येईल तेव्हा ताटात लोणचं वाढायचं असं धनाजीने मनाशी ठरवलं. रविवारी सकाळी त्याने हळद घासली, सोलली, किसली. कीस परातीत पसरून दारातल्या उन्हात ठेवला आणि तो लिंबं आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला.

दहा मिनिटांत परत आला तर परातीत कापशी झोपलेली. परातीत झोपायची तिची जुनीच सवय होती. पण आज ती नुसती झोपली नव्हती, आधी मनसोक्त लोळली होती. पाठ, पोट, कान, शेपटी, सगळी पिवळी. धनाजीला पाहून तिने आळस दिला आणि कूस बदलली, म्हणजे उरलेली बाजूही झाली.

धनाजीने तिला उचलून मोरीत नेलं आणि साबण लावला. साबण लागताच हळद लाल होते हे त्याच्या ध्यानात नव्हतं. बघता बघता कापशी लालभडक झाली. त्याच वेळी शेजारच्या बाळाबाई वाटी घेऊन साखर मागायला आल्या आणि मोरीच्या दारातच थबकल्या.

"आरं धनाजी, काय मारलंस काय तिला?"

"न्हाई वो मावशी. धुतोय."

"एवढं रगात?"

"रगात न्हाई ते." त्याने घाईघाईने तांब्याने पाणी ओतलं. लाल रंग ओघळून गेला आणि खालून पुन्हा पिवळी कापशी निघाली. ती बाळाबाईंच्या पायातून पळून थेट कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसली.

बाळाबाईंनी भिंतीकडे निरखून पाहिलं. "कावीळ हाय ही. आमच्या थोरल्या जावंला झाली हुती, अश्शीच दिसायची."

"मावशी, ती हळद हाय हळद."

"असं माणूस म्हणतंच सुरवातीला," असं म्हणून बाळाबाई साखर न घेताच निघून गेल्या.

कापशी बसलेला कीस टाकून द्यावा लागला. निम्मी हळद अजून पिशवीत होती, पण धनाजीचं मन उडालं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे शिवांजलीचा व्हिडिओ कॉल आला. रोज ती आधी कापशीला बघायची. धनाजीने कापशीला वेताच्या बुट्टीखाली झाकलं आणि मोबाइल इतका जवळ धरला की पडद्यावर नाकाशिवाय काही मावेना.

"कापशी कुठंय?"

"बाहेर गेलीया."

शिवांजलीने डोळे बारीक केले. "तुमचं तोंड असं का दिसतंय?"

"दिवा तसला हाय," धनाजी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. हळद किसलेल्या हाताने आपण दिवसभर गाल खाजवलेत, घाम पुसलाय, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला दिसत होती ती एकटी कापशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, डबा खायच्या सुट्टीत शिवांजलीचा फोन आला. वर्कशॉपमधल्या यंत्रांचा आवाज चालू होता म्हणून धनाजी गेटबाहेर आला.

"बाळामावशींचा फोन आलता," शिवांजली म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता. "घरात कावीळ आलीया म्हणाल्या. आता लपवू नका."

धनाजीने डोळे मिटले. "तुला उगं घोर नको म्हणून बोललो न्हाई."

"अंग सगळंच पिवळं हाय?"

"सगळं. शेपटापर्यंत," तो म्हणाला, पण तेवढ्यात शेजारून ट्रक गेला आणि शेवटचा शब्द त्यातच विरला.

"डोळे पण पिवळे हाईत?"

"डोळे तर पयल्यापासनंच पिवळे हाईत की."

पलीकडून हळूच, "उलटी?"

"एकदा झाली सकाळी. खाटंखाली."

"लघवीला नीट हुतंय का?"

"हुतंय. आज तेवढी कोथिंबिरीच्या कुंडीत झाली."

पलीकडून हुंदका ऐकू आला. धनाजीला वाटलं, तिला फार लागलं. "हे बघ, कावीळ-बिवीळ काय न्हाई, त्याचं असं झालं," तो सांगू लागला, पण फोन तोवर कट झाला होता. परत लावला तर बंद. औषधांच्या कारखान्यात आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे त्याला माहीत होतं. दुपारभर त्याने लेथवर काम केलं, त्यातले दोन नग बिघडवले.

संध्याकाळी सात वाजता तो कापशीला ओल्या फडक्याने पुसत बसला होता तेव्हा दार वाजलं. दारात शिवांजली. पाठीला सॅक, एका हातात पपई, दुसऱ्या हातात उसाच्या रसाची बाटली. डोळे रडून सुजलेले. तिने चपलाही काढल्या नाहीत. सरळ येऊन तिने धनाजीच्या कपाळाला हात लावला, मग अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढली.

"दिव्याकडं बघा."

"माझे डोळे कशाला? हिचे बघ की."

"हिचे?" शिवांजलीने खाली पाहिलं. कापशी पिवळी शेपटी ताठ करून तिच्या पायाला अंग घासत होती.

शिवांजली कापशीकडे बघत राहिली. मग धनाजीच्या हातांकडे, गालांकडे, ओट्यावरच्या पिशवीकडे. "म्हणजे खाटंखाली उलटी..."

"हिनं केली. केसाचा गोळा हुता."

"आणि कोथिंबिरीच्या कुंडीत..."

"मी कशाला जाईन कुंडीत?"

शिवांजली मटकन खाली बसली. आधी हसली, आणि हसता हसताच तिला रडू आलं. साताऱ्यापर्यंत उभ्याने आले, ती म्हणाली, मग कुणीतरी जागा दिली, मी एवढी रडत होते. धनाजी तिच्याजवळ बसला. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण हात पिवळे होते. तरी त्याने ठेवला.

"मला वाटलं तू मांजरीसाठी कासावीस झालीस," तो म्हणाला.

"मांजरीसाठी कोण चार तास एस्टीनं येतंय? म्हणजे आले असते," तिने कापशीला मांडीवर घेतलं, "पण पपई आणली नसती."

धनाजीने चहा ठेवला. तो पिताना शिवांजलीचा चेहरा पुन्हा उतरला. ट्रेनिंगच्या मॅडमनी सुट्टी द्यायला नकार दिला होता. रोज कुणाचा तरी नवरा आजारी पडतो, म्हणाल्या होत्या. ती तशीच निघून आली होती. परीक्षेला बसू देतील की नाही कोण जाणे. "उद्या पयल्या गाडीनं जाते आणि खरं काय ते सांगते," ती म्हणाली.

"मग आत्ता लोणचं तरी करू. तुझ्यासाठीच घाट घातलाय."

उरलेली हळद तिने सोलली, त्याने किसली. कापशीला बुट्टीखाली ठेवलं होतं, ती फटीतून पंजा काढून दाखवत होती. किसता किसता धनाजीने ओला हात बायकोच्या गालावर टेकवला.

"लग्नात माझी उष्टी हळद तुला पोचवायला गाडी चार तास उशिरा आलती," तो म्हणाला.

"आठवतंय. सगळे ताटकळले हुते," असं म्हणत तिनेही त्याच्या कपाळावर बोटं ओढली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. हात भरलेले असल्याने तिने कोपराने कसाबसा तो उचलला. पडद्यावर मॅडम होत्या आणि त्यांचा चेहरा चांगलाच कडक होता.

"शिवांजली, मला खरं सांगा, तुमचे मिस्टर खरंच..." मॅडम थांबल्या. त्यांनी मोबाइल जवळ घेतला. "अहो, हे तर फारच वाढलंय. आणि तुम्ही? तुमचाही गाल पिवळा दिसतोय."

"मॅडम, ते तसं न्हाई, आमी आत्ता..."

"काही बोलू नका. विश्रांती घ्या. मी उगाच संशय घेतला, मनावर घेऊ नका. आठ दिवस इकडे फिरकू नका, कँटीनमध्ये सगळ्यांना लागण होईल. परीक्षा तुम्ही आल्यावर घेऊ." आणि फोन बंद झाला.

दोघं पिवळ्या हातांनी एकमेकांकडे बघत बसली.

"परत लाव आणि खरं सांग," धनाजी म्हणाला.

"सांगायलाच पायजे." शिवांजलीने परातीत लिंबू पिळलं, मीठ घातलं, हाताने खालवर केलं. "लोणचं मुरायला किती दिवस लागतील वो?"

"आठ तरी."

"मग मुरलं की सांगते. बरणीभर लोणचं घेऊन जाते, म्हणजे लगेच पटंल त्यांना."