विशेष वर्गातून बाहेर पडण्याची रीतसर पद्धत

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या आमच्या शाळेत जाव्हॉन प्रिचेट या अकरा वर्षांच्या मुलाचं गणित सगळ्यांच्या आधी सुटलं आणि तो पेन्सिलीनं बाकावर ताल धरू लागला. प्रकरण गंभीर होतं. शेजारचा कॉनरही ताल धरत होता, पण त्याच्यात कल्पकता आढळली. त्याला हुशार मुलांच्या वर्गात पाठवलं. जाव्हॉनमध्ये विकार आढळला. त्याची रवानगी तळघरात बॉयलरशेजारच्या विशेष वर्गात झाली. रंगाचा प्रश्नच नाही. आम्ही रंग बघतच नाही. त्या खोलीत सगळी काळी पोरंच बसतात हा निव्वळ योगायोग, आणि तो दरवर्षी न चुकता घडतो.

वर्षभरानं त्याची आई रेनिटा त्याला घेऊन कोणी कुठल्या वर्गात बसायचं हे ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीला आली. टेबलाच्या एका बाजूला आमची अख्खी समिती, दुसऱ्या बाजूला ही दोघं. बैठकीत आईला नावानं हाक मारायची पद्धत नाही. सगळे ‘मॉम’ म्हणतात. त्यानं आपुलकी वाटते.

“त्याला परत घ्या,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बीजगणित आहे. ते हुकलं तर पोराचं इंजिनिअर व्हायचं राहिलंच. इथं तुम्ही त्याला चित्रं रंगवायला देता.”

“मॉम, साध्या वर्गात तो नीट वागतो हे आधी सिद्ध व्हायला हवं,” अध्यक्षा हॉलवर्सनबाई म्हणाल्या.

“मग बसवा की साध्या वर्गात.”

“सिद्ध झाल्याशिवाय कसं बसवणार?”

“इथं तर शहाण्यासारखा बसतो ना?”

“म्हणजे विशेष वर्गाचा गुण येतोय. चालू उपचार मध्येच तोडू नयेत.”

“आणि दंगा केला असता तर?”

“तर हलवायचा प्रश्नच नव्हता.”

“वा गं बाई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,” रेनिटा म्हणाली आणि तिचा आवाज चढला. आम्ही नोंद केली: घरचं वातावरण तापट.

मग जाव्हॉननंच हळूच विचारलं, “मॅडम, मी काय केलं की बाहेर पडेन?” नोंद: बाहेर पडण्याचा ध्यास. तो गप्प झाला. नोंद: घुमा. आमच्या नजरेतून काही सुटत नाही.

ठराव एकमतानं मंजूर झाला, मुक्काम तिथंच. बीजगणित नंतर पाहू. पोरानं आईचा कोट उचलून तिच्या हातात दिला. तिनं सही केली नाही. सहीवाचूनही आमचं भागतं.

आता तुम्ही. इतकं सगळं वाचूनही मनात आलंच ना, की विस्तवाशिवाय धूर निघत नाही, पोरानं आणखी काहीतरी केलंच असणार? लाजू नका. आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. समितीत एक जागा रिकामी आहे. या, बसा.