तळं कोणी खोदलं?

एका जंगलात एक शाळा होती. शाळा होती म्हणून इतिहास होता, आणि इतिहास होता म्हणून भांडण होतं.

पोरांनो, नाकं पुसा आणि नीट बसा. हे जंगल आपल्याकडचं नाही. ते तिकडं लांब, आफ्रिकेत. आपल्याकडं इतिहासावरून कुणी कधी भांडल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा निर्धास्त ऐका.

त्या जंगलात एक गोरखचिंचेचं झाड होतं. बुंधा असला जाड, की मागं अख्खा हत्ती लपावा. त्याच्या सावलीत शाळा भरायची, आणि शाळेसमोर एक मोठं तळं होतं.

पूर्वी तिथं लांडगे नव्हते. ते समुद्रापलीकडच्या थंड मुलखातून होड्यांत बसून आले. "पाणी पिऊन निघतो," म्हणाले आणि सत्तर वर्षं पीत बसले. मग एक दिवस त्यांनी झेंडा उतरवला, केक कापला आणि निघून गेले. जाताना हत्तींचे दात नेले, बिबट्यांची कातडी नेली, शहामृगांची पिसं नेली. मागं दोनच गोष्टी ठेवल्या. एक दुपारचा चहा आणि दुसरं इतिहासाचं पुस्तक.

पुस्तकाचं पहिलं वाक्य असं होतं: 'लांडगे येण्यापूर्वी या जंगलात काहीही घडत नव्हते.' म्हणजे बघा, तोवर सूर्यसुद्धा उगाच उगवत होता बिचारा.

पाचवा धडा होता 'लांडग्यांचे उपकार'. उपकार तीन. तळं, घड्याळ आणि नखं कापायची सवय.

झाडाच्या मागच्या बाजूला कोबे नावाचं एक म्हातारं कासव राहायचं. वय दीडशेच्या पुढं. डोळे अधू झालेले, पण कान शाबूत. तेच वाईट. कारण रोज सकाळी पलीकडून शिक्षिकेचा आवाज यायचा. शिक्षिका म्हणजे नुंगूबाई, जातीची साळिंदर.

"तळं कोणी खोदलं?" नुंगूबाई विचारायच्या.

"लांडग्यांनी," पिलं एका सुरात म्हणायची.

हे ऐकलं की कोबे मान आत ओढून घ्यायचा. कासवाला तेवढी एक सोय असते.

कारण तळं खोदलं तेव्हा कोबे तिथं होता. सलग तीन उन्हाळे त्यानं पाठीवरून माती वाहिली. सगळ्या जंगलाला जुंपलं होतं. लांडगे छत्रीखाली बसायचे आणि "जरा डावीकडं" म्हणायचे. तेवढं त्यांनी केलं, नाही म्हणायचं नाही.

माती ढासळून, तहानेनं, तापानं जनावरं मरायची. लांडग्यांच्या हजेरीत मेलेला कुणी नसे. जो मेला त्याच्या नावापुढं लिहायचे, 'पळून गेला'. मेल्यावर एवढं पळणारी जनावरं दुसऱ्या कुठल्या जंगलात नसतील.

तेव्हा नुंगूबाईंची आजी कामावर होती. ती संध्याकाळी आपला एक काटा उपसायची आणि त्या दिवशी जितके मेले तितक्या खाचा कोबेच्या पाठीवर कोरायची. कोरताना एकेकाचं नाव घ्यायची. कोबेला ते नाव परत म्हणायला लावायची.

"माझ्याच पाठीवर का?" कोबेनं एकदा विचारलं होतं.

"तू सगळ्यांत शेवटी मरशील म्हणून," म्हातारी म्हणाली होती.

तळं पुरं झालं तेव्हा पाठीवर दोनशे बारा खाचा होत्या. शेवटची खाच म्हातारीची. ती कोबेनं दगडावर पाठ घासून स्वतःच पाडली.

आता कोबेचं दुसरं काही मागणं नव्हतं. पुस्तकात एक ओळ यावी. 'हे तळं जंगलातल्या जनावरांनी खोदलं, खोदताना दोनशे बारा मेली.' बास. मग आपण डोळे मिटायला मोकळे, असं तो म्हणायचा.

एक दिवस त्यानं नुंगूबाईंना गाठलं. "पोरी, तुझ्या आजीनं ज्या तळ्यापायी जीव दिला ते लांडग्यांनी खोदलं म्हणून तू पिलांकडून घोकून घेतेस. जीभ कशी वळते तुझी?"

"आजोबा, पेपर तिकडून येतो. तपासायलाही तिकडंच जातो. मी खरं शिकवलं की पिलं नापास."

"लांडगे गेले ना?"

"लांडगे गेले. पेपर अजून येतो."

"मग आता?"

"मंत्र्यांना भेटा. त्यांनी समिती नेमलीय. लांडगेशाहीचा इतिहास पिलांना कसा शिकवावा, हे ती ठरवणार आहे."

शिक्षणमंत्री तरस होता. कोबे त्याच्याकडं निघाला. कोस दीड कोस वाट, त्याला नऊ दिवस लागले. समितीचा चहा तेवढ्यात संपला नव्हता.

तरस म्हणाला, "या कोबेबाबा. अगदी वेळेवर आलात. आता राज्य आपलं आहे, आपला इतिहास आपणच लिहायचा. ते लांडग्यांचं पुस्तक आम्ही फाडून टाकतोय. हा बघा नवा पाचवा धडा. तळं लांडग्यांनी खोदलंच नाही."

कोबेचा जीव भांड्यात पडला. "मग कोणी खोदलं म्हणून लिहिलंय?"

"तरसांनी."

कोबेनं मान पुढं काढली. "तुझा आजा होता तिथं. खोटं नाही. पण त्याच्या हातात खोरं नव्हतं. चाबूक होता."

तरस हसला. वाईट बातमी आली तरी तरस हसतोच. "बाबा, तो आतून आपल्याच बाजूचा होता. चाबूक हळू मारायचा."

"मग माझ्या पाठीवरचे हळू मेले म्हणायचे."

समितीत एक पाणघोडा होता. तो आतापर्यंत झोपलेला होता. आता जागा झाला. "खाचा, मेलेले वगैरे ठीक आहे हो. पण पिलांना सांगायचं कशाला? कोवळी मनं असतात त्यांची. परिणाम होतो."

"मेलेल्यांतली सत्तर पिलंच होती," कोबे म्हणाला. "त्यांच्यावर फार परिणाम झाला."

पाणघोडा पुन्हा झोपला. विद्वान जनावराला कुठं जागायचं आणि कुठं झोपायचं हे बरोबर कळतं.

शेवटी तरसानं तोडगा काढला. "तुम्ही एक म्हणता, आम्ही एक म्हणतो. आपण बाहेरचा तज्ज्ञ बोलावू. या विषयाची पूर्ण माहिती असलेला आणि कुणाचीही बाजू न घेणारा."

असा तज्ज्ञ कुठं मिळाला, ओळखा पाहू. शाबास. लांडग्यांच्या मुलखात.

तज्ज्ञ लांडगा फार सभ्य होता. मांस सोडलेलं, गळ्यात स्थानिक मण्यांची माळ. आल्या आल्या म्हणाला, "झालं त्याचं मला फार वाईट वाटतं." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी परत म्हणाला. तिसऱ्या दिवशी जंगलातले सगळे चहाच्या आधीच म्हणायला लागले, "साहेबांना वाईट वाटून झालं का? मग बिस्किटं आणा."

त्यानं वाळूत एक रेघ ओढली. "इतिहास तोलून शिकवला पाहिजे. इकडं तोटे, तिकडं फायदे." फायद्यांत तळं, घड्याळ आणि नखं. तोट्यांत त्यानं लिहिलं, 'काहींची गैरसोय झाली.'

"साहेब, मला कुठल्या बाजूला बसवता?" कोबेनं विचारलं आणि पाठ फिरवली.

लांडग्यानं पाठ पाहिली. हात फिरवला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "कोबेजी, हे काय आहे?"

कोबेनं सांगितलं. एकेका खाचेवर लांडग्याचा पंजा ठेवत एकेक नाव सांगितलं. पहिलं एका झेब्रिणीचं, दुसरं तिच्या पिलाचं. सकाळी सुरू केलं ते उन्हं डोक्यावर आली तेव्हा म्हातारीच्या नावाशी संपलं. लांडग्यानं दोनशे बाराच्या दोनशे बारा नावं लिहून घेतली. पाठीचा फोटो काढला.

"हे पुस्तकात आलंच पाहिजे," तो म्हणाला. मंत्र्यानंही हसत हसत सही केली.

कोबे घरी परतला. परतीला त्याला सातच दिवस लागले. दीडशे वर्षांत तो एवढा पळाला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यानंतर जहाज आलं. नवी पुस्तकं आली. नुंगूबाई पहिलं पुस्तक घेऊन झाडामागं गेल्या. "आजोबा, तुमचा फोटो आलाय. पूर्ण पानभर."

"वाच. खाली काय लिहिलंय?"

नुंगूबाईंनी पुस्तक मिटलं.

"वाच म्हणतो ना."

"'कासवाच्या पाठीवरील पारंपरिक नक्षीकाम. कलाकार अज्ञात.'"

कोबेनं अधू डोळे पुस्तकाजवळ नेले. मग म्हणाला, "आणि तळं?"

"धड्याखाली प्रश्न आहे. तळे कोणी खोदले? अ, लांडग्यांनी. ब, तरसांनी. क, दोघांनी मिळून." त्यांनी मागचं पान उलटलं. "बरोबर उत्तर, क."

"नावं?"

"शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. 'नावांची यादी आमच्या मुलखात सुरक्षित आहे. पाहावयाची असल्यास समक्ष येऊन अर्ज करावा.'"

कोबेनं मान आत घेतली. चार दिवस बाहेर काढली नाही. लोकांना वाटलं, संपला.

पाचव्या दिवशी नुंगूबाईंनी अख्खा वर्ग झाडामागं आणला. "आजोबा, इतिहासाचा पेपर तिकडं जातो. गणिताचा तास अजून माझा आहे." मग पिलांकडं वळून म्हणाल्या, "चला, खाचा मोजा. एक खाच मोजायची, आजोबा नाव सांगतील, ते म्हणायचं. मग दुसरी."

कवचातून आवाज आला. "उगाच कशाला."

"आजोबा, दोनशे बारापर्यंत आकडे येत नाहीत यांना. फार कच्ची आहेत."

कोबेची मान हळूहळू बाहेर आली.

महिनाभर गणिताचा तास तसा चालला. वर्गात गिरी नावाची रानडुकराची पोर होती. हट्टी, जमीन उकरणारी. तिला नावं सगळ्यांत आधी पाठ झाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, पेपरात काय लिहायचं?"

"पेपरात क लिहायचा. पास व्हायचं."

"आजोबा, तुम्ही सांगा."

कोबेनं बराच विचार केला. "क लिही बाळा. एका अक्षराचं तर काम. पास झालीस तर तिकडं नेतील शिकायला. तिथं ती यादी बघून ये."

"यादी तर मला पाठ आहे," गिरी म्हणाली.

परीक्षा झाली. बाकी पिलांनी क लिहिला आणि ती उड्या मारत घरी गेली. गिरी एकटी लिहीत बसली. तिनं तीनदा जादा कागद मागितला. क लिहायला कागद किती लागतो, हे नुंगूबाईंना माहीत होतं. पण त्यांनी तीनदा दिला, आणि दर वेळी दुसरीकडं बघत दिला.

निकाल लागला. गिरी सोडून सगळी पास. मंत्री स्वतः आला, हार घातले आणि जंगलाचा इतिहास आता खऱ्या अर्थानं जंगलाच्या हातात आला म्हणून भाषण केलं. पास झालेल्या पिलांना घेऊन जहाज गेलं. पुढं त्यांची पत्रं आली. हवा छान आहे. यादीसाठी अर्ज केला आहे. रांग मोठी आहे.

आता पोरांनो, तिकडची एक पद्धत ऐका. पास झालेले पेपर ते आपल्याकडंच ठेवून घेतात, कपाटात, कुलूप लावून. नापासाचा पेपर त्यांना ठेवून करायचाय काय? तो परत पाठवतात.

म्हणून पुढच्या जहाजानं गिरीचा पेपर घरी आला. पहिल्या पानावर लाल शाईचं मोठं शून्य होतं. खाली शेरा होता, 'मुद्द्याला धरून लिहावे.'

गिरी पेपर लपवून झाडामागं गेली. कोबे उन्हात बसला होता.

"आजोबा, नापास झाले."

"काय लिहिलंस?"

"तळं यांनी खोदलं, असं लिहिलं. आणि मग सगळी नावं."

कोबेनं मान पूर्ण बाहेर काढली. मग म्हणाला, "वाच."

तिनं वाचायला सुरुवात केली. पहिली झेब्रीण, मग तिचं पिलू. कोबेचे डोळे मिटलेले, ओठ तेवढे हलत होते. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ती म्हातारीच्या नावापाशी पोचली आणि थांबली.

"दोनशे बारा," कोबे म्हणाला. "बरोबर आहे."

"पण शून्य मिळालंय, आजोबा."

"असू दे. नीट जपून ठेव. आणि आता जरा सरक, ऊन अडवतेस."

त्या जंगलात ती नावं कागदावर एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेली आहेत. शाळेत अजून पाचवा धडा आहे, बरोबर उत्तर अजून क आहे. मंत्री अजून हसतो.

तात्पर्य : तळं कोणीही खोदलेलं असो, ते पेपर काढणाऱ्यानं खोदलेलं असतं. म्हणून शहाण्या पोरांनो, मोठेपणी खोरं उचलायच्या भानगडीत पडू नका, पेपर काढा. आणि आज्यापणज्यांची नावं फारच टिकवायची असतील, तर घरातलं एखादं तरी पोर नापास होऊ द्या.