दोन इंच उंच

"दोन इंच?" लॉर्नाने विचारलं. आवाज इतका शांत होता की तिच्या दोन्ही मुली, ब्रिटा आणि टिल्डा, मुकाट्याने दोन पावलं मागे सरकल्या.

"दोनच," गार्थ म्हणाला. तो गॅरेजच्या दारात स्टुलावर उभा राहून ट्रेलरचं छत आणि दाराची चौकट आळीपाळीने मोजत होता. "म्हणजे, सव्वादोन."

लॉर्ना नायगार्ड गेले सात महिने चिडलेली होती. नोव्हेंबरात गार्थने सामान वाहायचा एक पत्र्याचा ट्रेलर आणला, गॅरेजात घातला आणि जाहीर केलं, की सहा आठवड्यांत याचं फिरतं घर करतो, चौघं ऐसपैस झोपतील. त्या दिवसापासून लॉर्नाची गाडी रस्त्यावर आली. विस्कॉन्सिनचा अख्खा हिवाळा ती रोज अंधारात उठून काचेवरचा बर्फ खरवडायची आणि बधिर बोटांनी दाताच्या दवाखान्यात जाऊन लोकांना अपॉइंटमेंटा द्यायची. आणि नवरा? तो गॅरेजात हीटर लावून कपाटांना मुठी बसवत होता. या ट्रेलरमध्ये मी पाऊल ठेवणार नाही, असं तिने ख्रिसमसलाच सांगून टाकलं होतं. जानेवारीपर्यंत ती ठाम होती. पण खरं सांगायचं तर एका गोष्टीपायी तिचा नाइलाज होता.

ती गोष्ट म्हणजे ग्रीव्ह तळ्याकाठची सतरा नंबरची जागा. तिथलं बुकिंग जानेवारीत एका सकाळी आठच्या ठोक्याला उघडतं आणि आठ वाजून दोन मिनिटांनी संपतं. लॉर्नाने त्या सकाळी दवाखान्यातले तीन फोन वाजत ठेवले आणि ती जागा पटकावली. अगदी पाण्याला लागून, सहा दिवसांसाठी. दोन वर्षांतली तिची ही पहिली सुट्टी. आज संध्याकाळी सहाच्या आत पोचलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती.

"हा आत गेला तेव्हा याच दारातून गेला ना?"

"तेव्हा वर दोन इंच मोकळे होते."

"मग?"

"मग मी छताला पंखा बसवला. त्याचं झाकण सव्वाचार इंचांचं आहे."

"बसवण्याआधी मोजलं नाहीस?"

"मोजलं तर! भोक मोजलं. चौदा बाय चौदा. तंतोतंत बसलाय."

लॉर्नाने डोळे मिटले, उघडले. "काढ तो पंखा."

"नाही निघणार." गार्थच्या आवाजात अभिमान होता, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या अभिमानानेच. "त्याला जो लेप लावलाय ना, त्याची तीस वर्षांची हमी आहे."

"तीस वर्षांची हमी! आपल्या लग्नाला सहाच्या पुढे किती तास हमी आहे, सांगू?"

कुंपणापलीकडे वेंडेल कोवाल्के हातात कॉफीचा मग घेऊन केव्हाचा उभा होता. त्याने चाळीस वर्षं ट्रक चालवला होता, त्यामुळे चाक असलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल त्याला बोलायचा अधिकार होता, निदान तो तसं समजत होता. "टायरमधली हवा सोड," तो म्हणाला. "सव्वा इंच तिथेच खाली येशील."

हवा सोडली. ट्रेलर खरोखरच सव्वा इंच खाली बसला.

"आता राहिला एक इंच," वेंडेल म्हणाला आणि त्याने आपल्या पोटावर थाप मारली. "त्याला वजन पाहिजे. फिलिस! चपला घाल, बाहेर ये!"

त्याची बायको फिलिस आली. समोरच्या घरातले दोघे दांडगे भाऊ आले. वेंडेलसकट चौघे आत चढले, तरी अर्धा इंच कमीच पडत होता. सगळे लॉर्नाकडे बघायला लागले.

"मी नाही चढणार."

"लॉर्ना, साडेनऊ वाजलेत," गार्थ म्हणाला.

लॉर्ना दातओठ खात चढली. आतून तो ट्रेलर सुंदर होता, हेच मोठं दुःख होतं. पिवळ्या लाकडाचे बाक होते, मुलींसाठी एकावर एक दोन बिछाने होते आणि खिडकीपाशी एक छोटीशी बैठक होती. सात महिने मनात जपलेल्या शिव्या ऐनवेळी निरुपयोगी ठरतात की काय, या धास्तीने ती आणखीच चिडली.

गार्थने पिकअप सुरू केली आणि ट्रेलर मुंगीच्या पावलाने पुढे ओढायला लागला. मुली बाहेरून ओरडून सांगत होत्या. "बोटभर जागा आहे! अर्धं बोट! चला, चला!" ट्रेलरचं पुढचं अंग गॅरेजबाहेर आलं. मुलींना आनंद आवरेना. "आला! आला बाहेर!" म्हणून त्या नाचायला लागल्या.

वेंडेलला वाटलं, काम झालं. त्याने बाजूचं दार उघडलं आणि तो खाली उतरला. पुढारी उतरल्यावर बाकीच्यांनी तरी कशाला बसावं? फिलिस उतरली, दोघे भाऊ उतरले. "अहो, थांबा!" असं लॉर्ना म्हणेपर्यंत ट्रेलरने सुटकेचा श्वास घेतल्यासारखं अंग वर केलं. छताच्या मधोमध असलेला पंखा नेमका चौकटीच्या खाली होता. कर्रर्र करून त्याचं झाकण वरच्या लोखंडी पट्टीत जाऊन रुतलं.

मग सगळे पुन्हा चढले. ट्रेलर खाली बसला, पण पट्टीही त्याच्याबरोबर वाकून खाली आली. आता तो पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"ते झाकण फोडून टाक," लॉर्ना म्हणाली.

"फोडू? आठ दिवस लागले मला ते बसवायला!"

"आणि मला सात महिने लागले गप्प बसायला! तुम्ही उतरलातच का, वेंडेल?"

"पोरी ओरडल्या, आला म्हणून," वेंडेल पुटपुटला. "मी आपला..."

"पोरी आठ आणि अकरा वर्षांच्या आहेत! तुम्ही एकाहत्तर!"

फिलिसने नवऱ्याच्या हातातला मग काढून घेतला आणि त्याला घरी नेलं. लॉर्नाने तळघरातून जुना तंबू ओढून काढला, मुलींना आपल्या गाडीत कोंबलं आणि काच खाली करून सांगितलं, "मी जाऊन जागा धरते. तू तुझ्या पंख्याबरोबर सुट्टी घालव." रस्ताभर दोन तास ती स्वतःशीच बोलत होती. मागच्या सीटवर कोणी चिप्सचं पाकीटसुद्धा उघडलं नाही.

ग्रीव्ह तळ्याच्या फाटकावर चौकीतल्या बाईने कागद पाहिला, मग गाडी पाहिली, मग गाडीच्या मागे पाहिलं.

"ट्रेलर कुठाय?"

"तंबू आहे. चालेल ना?"

"नाही चालत हो. सतरा नंबरला विजेचा खांब आहे, ती ट्रेलरवाल्यांची जागा. तुम्हीच तर फॉर्ममध्ये लिहिलंय, 'ट्रेलर, सोळा फूट'." बाईने मान तिरकी केली. "सहापर्यंत आणा. आठ माणसं वाट बघतायत या जागेसाठी."

पाणी फाटकापासून दिसत होतं, निळंशार. लॉर्नाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. फॉर्म तिनेच भरला होता, म्हणजे ओरडायलाही कोणी नव्हतं. अशा वेळी नवरा कामाला येतो. तिने फोन लावला.

"गार्थ, ऐक. सहा वाजता तो ट्रेलर माझ्यासमोर उभा पाहिजे. कसा आणतोस ते मला सांगू नकोस. घर मोडून आण, पण आण."

"बरं," गार्थ म्हणाला. हा माणूस सांगितलेलं शब्दशः करतो, हे चौदा वर्षं संसार केलेल्या बाईने विसरायला नको होतं.

सहाला दहा मिनिटं कमी असताना पिकअप फाटकात आली. मागे ट्रेलर होता, अगदी धडधाकट. छतावरचं झाकण जसंच्या तसं होतं. चौकीतल्या बाईने शिक्का मारला. सतरा नंबरवर ट्रेलर उभा राहिला, वीज जोडली गेली, पंखा गुणगुणायला लागला, मुली पाण्याकडे धावल्या.

"कसा काढलास?" लॉर्नाने विचारलं. राग उतरायला तयार होता, फक्त निमित्त मिळायचं होतं.

गार्थच्या केसांत लाकडाचा भुसा होता. "तुळई कापली."

"कुठली तुळई?"

"दारावरची. तूच म्हणालीस ना, घर मोड? खाली दोन खांब लावलेत, छत पडायचं नाही. फक्त दार आता बसत नाही. आणि करवत फिरवायला जागा हवी होती म्हणून आतलं सगळं सामान बाहेर अंगणात काढलं."

"ते परत आत ठेवलंस?"

"सहा वाजायचे होते ना!"

म्हणजे घर उघडं, गॅरेज उघडं, आणि नवऱ्याची सगळी हत्यारं अंगणात मांडलेली. लॉर्नाने गाडीची किल्ली उचलली. आत्ता निघालं तर आठपर्यंत घरी पोचता आलं असतं, आणि सुट्टी संपली असती. ती तशीच उभी राहिली. इतका राग तिला जानेवारीतल्या उणे तीसमध्येही आला नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. फिलिस होती, आणि तिचा आवाज गार्थलाही ऐकू येत होता.

"लॉर्ना, आज तुम्ही गॅरेज सेल लावून जुनं सामान विकताय, हे मला आधी नाही का सांगायचं? मी माझ्याही चार वस्तू मांडल्या असत्या."

"सेल?"

"शनिवार आहे, गॅरेज सताड उघडं आहे, अंगणात सामान मांडलंय. गाड्या थांबणारच की गं! तुम्ही नव्हता म्हणून मी खुर्ची टाकून बसलेय. चौदा-पंधरा माणसं आहेत. एक जण विचारतोय, करवतीचं टेबल केवढ्याला देणार? आणि ती छिद्रं पाडायची दोन यंत्रं?"

गार्थचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही म्हण! लॉर्ना, तिला सांग, सगळ्यांना हाकलून दे! ते टेबल माझ्या वडिलांनी..."

"तुझ्या वडिलांकडे अजून त्यांचं स्वतःचं टेबल आहे," लॉर्ना म्हणाली. "हे तू मागच्या वर्षी घेतलंस."

तळ्यात टिल्डा ओरडत होती, पाणी गार आहे, तरी या. लॉर्नाने गाडीची किल्ली खिशात टाकली, खुर्ची उघडली आणि पाण्याकडे तोंड करून तीत बसली.

"फिलिस, सगळं काढ. जो जेवढे देईल तेवढ्याला दे, घासाघीस करू नकोस," ती म्हणाली. "आणि करवत कोणी नाहीच घेतली, तर फुकट दे."