आनंदनगरची गुलाबी फौज

बोटभर उंचीचा शिशाचा शिपाई ब्रशाने रंगवायला आठवडा लागतो, असं लोक म्हणतात. ते लोकांचं झालं. हेमचंद्रचा हिशेब वेगळा होता.

"आमच्या लाईनवर एका पाळीत हजारभर पंख्यांच्या जाळ्या रंगून निघतात," बदलापूरला कात्रपच्या घरी जेवता जेवता तो बायकोला म्हणाला. "तिथे नेपोलियनची फौज म्हणजे चहाच्या सुट्टीतलं काम."

"चहाच्या सुट्टीत चहा प्या," वृंदा म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली.

हेमचंद्र अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या कारखान्यात सुपरवायझर. तिथे धातूच्या वस्तूवर रंगाची कोरडी पावडर उडवतात आणि वस्तू भट्टीत घालून पापडासारखी भाजतात. रंग असा चिकटतो की घासून जात नाही, धुऊन जात नाही, शिव्या दिल्या तरी जात नाही.

आणि रविवारचा हेमचंद्र म्हणजे फ्रेंचांचा सेनापती. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये नारीशेठ या सिंधी व्यापाऱ्याचं पडद्यांचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर एक भलंमोठं प्लायवुड, त्यावर रंगवलेल्या टेकड्या, भुशाची झाडं. चार-पाच पोक्त माणसं तिथे जमत आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाया फासे टाकून पुन्हा लढत. पण गेली दोन वर्षं हेमचंद्र लढत नव्हता. दुसऱ्यांचे शिपाई किती सरकले ते मोजायला मोजपट्टी धरत होता.

कारण अभिजीत. अंबरनाथच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि माळ्यावर इंग्रजांचा सेनापती. त्याचे शिपाई बघावेत आणि दृष्ट काढावी: लालभडक डगले, पिवळी बटणं, एकेकाच्या गालावर थंडीची लाली. त्यानेच नियम काढला होता, ज्याच्या अंगावर रंग नाही तो शिपाई डब्यात.

"तुझी फौज नागडी आहे रे, हेमू," तो म्हणायचा. "हे युद्ध आहे, आंघोळीची वेळ नाही."

या रविवारी वॉटर्लू होतं. फौज रंगली तर हेमचंद्र लढणार, नाहीतर पुन्हा मोजपट्टी. ब्रश हातात धरला की त्याचा हात पिंपळपानासारखा थरथरायचा, म्हणून तर शिपाई आजवर कोरे राहिले होते. शुक्रवारी दुपारी कारखान्यात गडद निळा रंग चालू असणार होता. नेमका फ्रेंचांच्या डगल्याचा. त्यावर वृंदाकडून बारीक ब्रशाने पांढरे पट्टे ओढून घेतले की झालं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळी पलटण तारेच्या आकड्यांना लटकवली. पुढे पायदळ, मागे घोडदळ, मधोमध घोड्यावर स्वतः नेपोलियन. पावडर मारणाऱ्या साईनाथला त्याने बाजूला घेतलं.

"लाईनवर येईल ते मारत जा. विचारू नको, बोलू नको."

"मालकांचं आहे काय, दादा?"

"बोलू नको म्हटलं ना."

एवढं झालं आणि गेटवर मालाची गाडी आली. हेमचंद्र तिकडे गेला. गाडी उतरवून परत येतो, तर भट्टीच्या दारातून फौज डुलत डुलत बाहेर येत होती. सकाळच्या उन्हातल्या कमळांच्या तळ्यासारखी गुलाबी.

हेमचंद्रला आधी वाटलं, डोळ्यांत पावडर गेली.

"साईनाथ, हे काय?"

"ब्युटी पार्लरच्या स्टँडांची अर्जंट ऑर्डर आली, दादा. मालकांनी रंग बदलायला लावला."

"आणि मला विचारायचं नाही?"

"तुम्हीच बोलले, विचारू नको."

हेमचंद्रने हातमोजा घालून एक शिपाई आकड्यावरून काढला. फौजेला चेहराच नव्हता. पावडरीच्या जाड थराखाली नाकं, डोळे, बटणं सगळं बुजलं होतं. भट्टीच्या आचेने संगिनी भेंडीसारख्या वाकल्या होत्या. नेपोलियन लग्नाच्या केकवरच्या नवरदेवासारखा दिसत होता, घोडा नवरीसारखा.

शनिवारभर हेमचंद्रने थिनर, कानस, शेवटी वृंदाची भांड्यांची घासणी वापरून पाहिली. रंग जागचा हलला नाही. घासणी मात्र गेली.

"जाऊ नका उद्या," वृंदा म्हणाली. हे ती मायेने म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

"रंग आहे ना अंगावर? नियमात रंग लिहिलाय, कुठला ते नाही. जाणार."

रविवारी माळ्यावर डब्याचं झाकण उघडलं आणि सगळे त्यावर वाकले. मग अभिजीत हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग दोन्ही हातांनी पोट धरून.

"हेमू, ही पलटण आहे की साखर लावलेली बडीशेप?"

"साईं, रंग तो है," पंच म्हणून बसलेल्या, सगळ्यांना 'साईं' म्हणणाऱ्या नारीशेठने निवाडा दिला. "खेलेगा. लेकिन पहले नाश्ता, बाद में जंग."

कॅम्प दोनचा रविवारचा नाश्ता म्हणजे डाळ-पकवान, कडक तळलेल्या पुरीबरोबर चणाडाळ. नारीशेठने चणाडाळीचं पातेलं आणून ठेवलं, तेही थेट रणांगणाच्या मध्यावर, दोन फौजांच्या बरोबर मधे. प्लायवुड दोन शिलाई मशिनींवर टेकलं होतं आणि अभिजीतच्या बाजूला हातभर बाहेर आलं होतं.

हेमचंद्रने गुलाबी नेपोलियन टेकडीवर ठेवला. वाकलेली तलवार लाजल्यासारखी खाली बघत होती. ते पाहून अभिजीतला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी, छातीत उसळी. आधारासाठी त्याने दोन्ही कोपर टेकवले ते नेमके त्या बाहेर आलेल्या कडेवर, आणि वर आपलं सगळं वजन टाकलं.

प्लायवुडची हेमचंद्रकडची बाजू तराजूच्या पारड्यासारखी वर उठली.

पातेलं कलंडलं. गरम डाळ टेकड्या ओलांडून, ओढे भरून, झाडं उपटून इंग्रजांच्या रांगांवर गेली. आणि मागोमाग उतारावरून अख्खी गुलाबी पलटण घसरली. पुढे पायदळ, मागे घोडदळ, मधोमध सम्राट. असा हल्ला नेपोलियनला जन्मात जमला नसता.

"मेरा प्लाय," नारीशेठ म्हणाला आणि मटकन बसला.

डाळीतून शिपाई वेचायला घेतले. हेमचंद्रने एक गुलाबी शिपाई रुमालाने पुसला. लख्ख. दुसरा पुसला. लख्ख. अभिजीतने आपला एक उचलला आणि त्याच्या बोटांवरून लाल ओघळ मनगटाकडे निघाला. अभिजीत पोस्टर कलरने रंगवायचा आणि वर वार्निश कधी लावायचा नाही. खऱ्या डगल्याची लोकर चमकत नाही, म्हणायचा. आता चिंचेच्या आंबट डाळीत इंग्रजांचे डगले विरघळले, बटणं विरघळली, गालावरची लालीसुद्धा गेली. उरलं नुसतं करडं शिसं.

हेमचंद्रने पुसलेला शिपाई नारीशेठपुढे उभा केला. 

नारीशेठने एकेक इंग्रज चष्म्याजवळ धरून तपासला. "अभिजीत, नियम तेराच है. रंग नाही, तो डब्यात."

"शेठ, हा अपघात आहे."

"वॉटर्लू भी अपघात था, साईं. डब्बा ला."

इंग्रज डब्यात गेले. रणांगणावर, डाळीच्या पिवळ्या चिखलात, वाकलेल्या संगिनी खांद्यावर घेऊन गुलाबी फौज तेवढी उभी राहिली. एकही फासा न टाकता युरोप हेमचंद्रचा झाला. अभिजीतने हात पुढे केला, आणि हेमचंद्रने त्याच हातात मोजपट्टी ठेवली.

बदलापूरच्या स्टेशनापासून कात्रपपर्यंत तो चालत आला ते सम्राटाच्या चालीने. दारातच सगळी कथा सांगितली. हातवारे करून, हल्ल्याच्या वेळी सोफ्यावर चढून. वृंदाने शेवटपर्यंत ऐकलं. मग त्याच्या शर्टवरचा पिवळा डाग बघितला.

"म्हणजे लढाई डाळीने जिंकली."

हेमचंद्र सोफ्यावरून खाली उतरला. 

"हो," तो म्हणाला, "पण डाळ आमच्या बाजूने होती."