चर्चमध्ये हरवलेलं मॅगझिन

"कमरेला पिस्तूल आहे आणि खिशात जादा गोळ्या नाहीत, म्हणजे ब्रश आहे आणि पेस्ट नाही!" व्हर्नन लॅसिटरने कॉफीचा कप टेबलावर आपटून जाहीर केलं.

अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या टॅनर्स फोर्क गावात ही चर्चा रोज सकाळी न्याहारीच्या वेळी व्हायची. एका बाजूला व्हर्नन. त्याचं गवत कापायच्या यंत्रांचं दुकान होतं, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याजवळ ठाम मत होतं. समोर त्याचा शाळेपासूनचा दोस्त रॉइस. त्याच्याजवळ मत एकच होतं, ते म्हणजे व्हर्नन चुकतोय.

"अरे, पिस्तुलात आधीच एक मॅगझिन भरलेलं असतं," रॉइस अंड्यावर मिरपूड टाकत म्हणाला. "ते संपेपर्यंत एक तर भांडण मिटेल, नाहीतर तू. दुसरं मॅगझिन हवंय कशाला?"

"आणि पहिलं ऐन वेळी अडकलं तर? त्यातली स्प्रिंग बसली तर? पिस्तूल बिघडत नाही बाबा, मॅगझिन बिघडतं!"

"आजवर पिस्तूल कितीदा काढलंस?"

"एकदा."

"परसात, सापावर."

"हो."

"ती पाण्याची नळी होती."

"पण सापासारखीच पडली होती!"

"लागली का गोळी?"

व्हर्ननने कॉफी ढवळायला घेतली.

"मग बरोबर आहे," रॉइस म्हणाला. "तुला जादा गोळ्या लागतीलच!"

पण व्हर्नन मागे हटणाऱ्यातला नव्हता. मॅगझिन म्हणजे गोळ्या खच्चून भरलेली ती चपटी लोखंडी डबी, पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती. एक मुठीत, एक खिशात. त्याशिवाय तो पेट्रोल भरायलाही जायचा नाही. अडचण एकच होती. देवाने व्हर्ननला मत दिलं, मिशी दिली, पण कंबर द्यायला तो विसरला. उजवीकडे पिस्तूल, डावीकडे भरलेलं मॅगझिन, आणि मध्ये पँट धरून ठेवायला काही नाही! गेल्या रविवारी चर्चमध्ये सगळे स्तोत्र म्हणायला उभे राहिले आणि व्हर्ननची पँट मात्र बसायला निघाली. पुढची तिन्ही कडवी त्याने दोन्ही हातांनी पट्टा धरून, डोळे मिटून म्हटली. मागच्या बाकावरच्या बायकांना त्याची भक्ती पाहून गहिवरून आलं. बायकोला, मर्लीनला, मात्र घाम फुटला.

"पुरे झालं!" ती घरी आल्यावर म्हणाली. "चर्चला पिस्तूल ने, माझी ना नाही. पण ते दुसरं लोढणं घरी राहील. शब्द दे."

त्याने शब्द दिला.

पण शनिवारी आली चर्चची चिलीची, म्हणजे मांस-घेवड्याच्या झणझणीत रश्श्याची, मेजवानी! ज्याने त्याने आपापल्या घरची चिली करून आणायची, सगळ्यांनी चापायची, आणि उत्तम पातेल्याला पास्टरच्या, म्हणजे चर्चच्या पाद्रीबाबांच्या, हस्ते निळी फीत. शिवाय त्याच संध्याकाळी चर्चच्या सुरक्षा मंडळाचा प्रमुख निवडायचा होता, आणि व्हर्ननचं नाव सगळ्यांत पुढे होतं. आता तुम्हीच सांगा, सुरक्षा प्रमुख होऊ घातलेला माणूस रिकाम्या खिशाने जाईल? व्हर्ननने युक्ती केली. पँटचा प्रश्नच नको, म्हणून मॅगझिन शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं आणि वरून जाकीट चढवलं. मर्लीनला म्हणाला, "घरीच ठेवलंय हं!"

हॉलमध्ये पातेली ओळीने रटरटत होती. मर्लीनने त्याला कोपराने ढोसलं. "जा, यूडोराच्या पातेल्याचा वास घेऊन ये. दरवर्षी फीत पटकावते म्हातारी! काहीतरी घालते ती. कॉफी घालते की चॉकलेट, एवढंच सांग."

मिस यूडोरा ब्याऐंशी वर्षांची, आणि गावातली बातमी तिच्याकडून रेडिओच्या आधी मिळायची. ती पाव आणायला आत गेल्याची संधी साधून व्हर्नन तिच्या पातेल्यावर ओणवा झाला. डोळे मिटले. खोल श्वास घेतला. वाफ थेट मेंदूत! असा शिंकला, असा शिंकला की शेजारचे कागदी रुमाल उडाले. डोळे पुसत तो परत आला.

"काय घालते?" मर्लीनने विचारलं.

"मिरची," व्हर्नन म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने सवयीने छातीवर हात ठेवला. हात जाकिटावर, शर्टावर, आणि थेट बरगडीवर! खिसा रिकामा!

व्हर्ननच्या पायाखालची फरशी सरकली. भरलेलं मॅगझिन चर्चमध्ये बेवारस, आणि शोधणारा कोण, तर होऊ घातलेला सुरक्षा प्रमुख! त्याने टेबलांखाली पाहिलं, खुर्च्यांखाली पाहिलं, पियानोखाली पाहिलं. मग स्वयंपाकघरामागच्या बोळात शिरून त्याने रॉइसला फोन लावला. रॉइस बाहेर गाड्या लावून घेत होता.

"रॉइस, घात झाला! माझं मॅगझिन हरवलं! …इथेच, चर्चमध्ये! …हळू बोल रे, मर्लीनला माहीत नाही. तिला सांगितलंय, घरी ठेवलंय म्हणून. …कुणा पोराच्या हाती लागलं तर? …अरे, नवंकोरं होतं, कालच आणलं! …हो, एक संपलं की दुसरं लागतंच मला, माहितेय ना तुला. …रात्री? रात्री उशाशीच असतं!"

भिंतीपलीकडे मिस यूडोरा मक्याचा पाव कापत होती. तिची सुरी मध्येच थांबली. तिच्या मते पुरुषमाणसाने बायकोपासून लपवून उशाशी ठेवायचं मॅगझिन एकाच प्रकारचं असतं, आणि त्यातल्या बाया थंडीचा विचार न करता फोटो काढून घेतात!

"बाई, बाई, बाई," ती पुटपुटली. "आणि तोंडाकडे बघाल तर किती सोज्वळ!"

तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त मर्लीनला सांगितली, तिचा हक्कच होता म्हणून. आणि पास्टरला सांगितली, त्यांचं कामच ते म्हणून.

पास्टर हॅस्किन तरुण होते, शहरातून नुकतेच आलेले, आणि कुणाचं मन दुखावेल या भीतीने हळू बोलणारे. त्यांनी व्हर्ननला पियानोमागे गाठलं.

"व्हर्नन, तुमचं जे हरवलंय… मला कळलंय."

"कळलं? मिळालं का कुणाला?"

"नाही. पण मी तुमच्यावर रागावलेलो नाही. ही सवय कधीपासून?"

"तशी फार जुनी," व्हर्ननला हायसं वाटलं. "वडिलांनीच लावली. म्हणायचे, व्हर्नन, घराबाहेर पडताना एक जवळ ठेवत जा. वेळ कधी येईल सांगता येत नाही!"

"वडिलांनी?" पास्टरांनी हातातलं सरबत पियानोवर ठेवलं. "आणि मर्लीनना हे चालतं?"

"एक असलं तर चालतं. दोन म्हटली की चिडते."

पास्टरांनी आवाज आणखी खाली आणला. "मंडळीत आणखी कुणाला… हा त्रास आहे?"

"त्रास कसला? निम्म्या हॉलच्या खिशात असेल आत्ता! कुणाच्या मोज्यात, कुणाच्या बुटात. आपल्या मिस यूडोराही पर्समध्ये ठेवतात."

"ब्याऐंशीव्या वर्षी?"

"त्यांचं लहान आहे. हातात मावेलसं."

पास्टर भिंतीला टेकले. आपण आजवर या लोकांना प्रेम, दया, क्षमा शिकवत राहिलो आणि मुळात सुरुवात कुठून करायला हवी होती! त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. मग एकाएकी त्यांच्या अंगात कसलं तरी बळ संचारलं आणि ते तडक माइकपाशी गेले.

"बंधूंनो! भगिनींनो!" त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "आज आपल्यातल्या एकाचं मॅगझिन हरवलंय. पण मला समजलंय की ते बाळगणारा तो एकटा नाही. मी कुणाला दोष देणार नाही. ज्यांच्याजवळ असेल, त्यांनी पुढे यावं आणि या टेबलावर ठेवावं. आत्ता! सगळ्यांसमोर! मन हलकं होईल!"

हॉलमध्ये चुळबुळ झाली. बोलावणं जरा चमत्कारिक होतं, पण पास्टर माणूस भला होता, आणि हरवलेलं कुणाचं ते ओळखायला बाकीची जुळवून बघायची असतील असं लोकांना वाटलं. सगळ्यांत आधी दारातून आत आलेला रॉइस पुढे झाला. त्याने जाकिटातून एक मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. खट्ट!

"रॉइस! तू?" व्हर्नन ओरडलाच. "रोज सकाळी माझं डोकं खातोस आणि स्वतः बाळगतोस?"

"पिस्तूल नाही बाळगत," रॉइस ओशाळून म्हणाला. "ते जड आहे, कंबर धरते. घरीच असतं. पण हे खिशात असलं की जरा बरं वाटतं रे!"

मग रांगच लागली. खट्ट! खट्ट! खट्ट! शेतकरी आले, बँकेतल्या बाई आल्या, गायकवृंद तर झग्यासकट आला. मक्याच्या पावाच्या परातीशेजारी लोखंडी डब्यांचा ढीग वाढत वाढत परातीच्या वर गेला. पास्टर आधी ढिगाकडे बघत होते, मग माणसांकडे, मग पुन्हा ढिगाकडे.

"ही…" ते म्हणाले, "ही ती मॅगझिनं?"

"मग दुसरी कुठली?" व्हर्ननने विचारलं.

पास्टरांनी मान वळवून मिस यूडोराकडे पाहिलं. मिस यूडोरा पापी कोण कोण निघतात ते बघायला हाताची घडी घालून पहिल्या रांगेत उभी होती. तिची घडी सुटली.

"मला वाटलं, बायकांचे फोटो असलेलं!" ती किंचाळली. "हाच म्हणाला, उशाशी ठेवतो!"

मग हॉलचं छप्पर उडालं! रॉइस खुर्चीवरून घसरला. गायकवृंदातला जाड्या आवाजाचा गडी हसता हसता बारीक आवाजात पोचला. पास्टर तर असे हसत सुटले की त्यांना माइक धरवेना. व्हर्नन मिशीच्या टोकापर्यंत लाल झाला. त्याने मर्लीनकडे पाहिलं. ती हसत नव्हती. टेबलाकडे एकटक बघत होती. मेलो, असं व्हर्ननला वाटलं. दिलेला शब्द मोडला, तोही चर्चमध्ये, आणि वर साक्षीला सगळं गाव!

"देवा, भूक लागली!" पास्टर डोळे पुसत म्हणाले. जिवावरचं ओझं उतरलं होतं त्यांच्या. "मिस यूडोरा, तुमची चिली वाढा अजून. दोन वाट्या झाल्यात, पण यंदा तिला काही वेगळीच धार आहे!"

मान मिळाल्याने मिस यूडोरा सावरली. तिने पळी तळापर्यंत बुडवली आणि…

ठण्ण!

तिने पुन्हा ढवळलं. ठण्ण! मग पळी वर आली. पळीत घेवड्याचे दोन दाणे, एक मांसाचा तुकडा, आणि त्यांच्या मधोमध व्हर्ननचं मॅगझिन, लाल रश्श्यात न्हाऊन निघालेलं!

पास्टरांनी वाटी हळूच खाली ठेवली.

"व्हर्नन लॅसिटर!" मिस यूडोराचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "माझ्या पातेल्यावर ओणवा होऊन तू काय करत होतास?"

"शिंकत होतो," व्हर्नन म्हणाला.

हे उत्तर किती वाईट होतं हे त्याला तोंडातून निघाल्यावर कळलं. दोन-दोन वाट्या रिचवलेली माणसं त्याच्याकडे वळून बघू लागली. कुणी पोटावर हात ठेवला. एकाने सरबत मागितलं.

पुढचं सगळं भराभर उरकलं. यूडोराचं पातेलं स्पर्धेतून बाद झालं, आणि निळी फीत बारा वर्षांत पहिल्यांदा मर्लीनच्या गळ्यात पडली. ढिगातून आपापली मॅगझिनं शोधताना लग्नघरात चपलांची होते तशी धांदल उडाली. "हे माझं!", "तुझ्या मॅगझिनवर ओरखडा होता, हे गुळगुळीत आहे!" सुरक्षा मंडळाचं प्रमुखपद बँकेतल्या बाईंना मिळालं. व्हर्ननला गाड्या लावून घेण्याचं काम मिळालं, तेही बाहेर, पातेल्यांपासून लांब.

घरी जाताना ट्रकमध्ये मर्लीन मांडीवर फीत ठेवून खिडकीबाहेर बघत होती. सीटच्या मधोमध ते मॅगझिन कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेलं होतं आणि सगळ्या ट्रकला जिऱ्याचा वास मारत होता.

"मर्लीन," व्हर्नन शेवटी म्हणाला, "मी शब्द मोडला. चुकलो. तू रागावली असशील."

"गोळ्यांवरून? छे."

"मग यूडोराने तुझ्या कानात ते भलतंच सांगितलं त्यावरून? अगं, तसलं मासिक मी आयुष्यात विकत घेतलं नाही! शपथ घेतो! तसला विचारसुद्धा माझ्या मनात येत नाही!"

"तेच तर!" मर्लीन सुस्कारा टाकून म्हणाली. "मी आपली वेडी, तिचं ऐकलं आणि बाथरूममध्ये जाऊन लिपस्टिक लावून आले!"