गुरुजींची केबिन

पाणीखात्याच्या तक्रार कक्षात नव्या माणसाला मार्गदर्शक नेमायची टूम निघाली आणि उभ्या नोकरीत एकही नळ दुरुस्त करवून न घेता टिकून राहिलेल्या कारकुनाला सगळे ‘गुरुजी’ म्हणू लागले. शिष्य परीक्षेत पास झाला की गुरूला दार असलेली केबिन मिळणार होती. गुरुजींनी खुर्चीच्या गादीचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

वाट्याला आलेली शिष्या मात्र भलतीच भाबडी. तक्रार आली की ही थेट प्लंबर धाडायची. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

"अगं बाई, एकदा नळ दुरुस्त झाला की लोकांना सवय लागते."

मग त्यांनी तिला खात्याची खरी विद्या दिली: आधी खेद, मग ‘जरा थांबा’, मग फोन दुसऱ्या विभागाच्या गळ्यात. पोरगी हुशार. महिन्याभरात तिच्या जिभेवर अशी साखर चढली की, भांडायला सरसावलेली माणसं आभार मानून फोन ठेवू लागली. नळ गळतच राहिले.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावून साहेब स्पीकरजवळ बसले. पहिलाच फोन एका बाईचा. घराबाहेरचा मोठा पाइप फुटलाय, पाणी पलंगाखाली शिरलंय, त्याचा व्हॉल्व्ह तुमच्याच माणसाला बंद करता येतो, असं ती धापा टाकत सांगत होती. गुरुजींनी कान टवकारले. आवाज त्यांच्या बायकोचा होता.

"गैरसोयीबद्दल खेद आहे, ताई. जरा थांबा हं."

"थांबू कशी? माझा नवरा तुमच्याच खात्यात आहे."

"असं सगळेच म्हणतात, ताई." हे वाक्यही गुरुजींनीच घोटून घेतलेलं.

बोलावं तर केबिन जाते, गप्प बसावं तर घर. गुरुजींनी मधला मार्ग काढला: साहेबांच्या पाठीमागून हातवारे करून ‘प्लंबर धाड’ म्हणून सुचवलं. शिष्येला वाटलं, आपला कस बघताहेत. तिने समजूतदारपणे मान डोलावली आणि फोन रस्तेदुरुस्तीला जोडून दिला.

साहेबांनी शिष्येची पाठ थोपटली आणि केबिनची किल्ली गुरुजींच्या हातात ठेवली. ती खिशात कोंबून गुरुजी प्लंबरला शोधायला धावले. पण महिनाभर कुणी बोलावलंच नाही म्हणून तो केव्हाच दुसरीकडे कामाला लागला होता.

घरी बायको पातेल्याने पाणी उपसत होती.

"अहो, तुमच्याकडे ती गोड बोलणारी फोनवर बसते ना," ती मान वर न करता म्हणाली, "तिला शिकवलंय तरी कुणी?"

गुरुजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"नवीन आहे गं. मार्गदर्शक मिळायचाय तिला अजून."